झाकलेले दुखणे

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपल्याकडे फार शहाणपणाची मानली जाते. घरातले भांडण, डोक्यावरचे कर्ज, मुलीची मोडलेली सोयरीक, सगळेच झाकून ठेवण्याकडे आपला कल असतो. पैशाअडक्याच्या बाबतीत ही म्हण खरी असेल, अब्रूच्या बाबतीतही असेल. दुखण्याच्या बाबतीत मात्र ती साफ खोटी आहे. तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना गेली पंचवीस-सव्वीस वर्षे मी हेच पाहत आले आहे. झाकलेले दुखणे आतल्या आत वाढत राहते आणि एक दिवस आपली किंमत वसूल करते. ती किंमत बहुतेक वेळा ज्याने झाकले त्याला नव्हे, तर भलत्याच माणसाला मोजावी लागते.

मी ज्या दुखण्यांबद्दल लिहिते आहे, त्यांचे नाव घेतानाच आपली जीभ अडखळते. मोठमोठ्या सरकारी रुग्णालयांतही ‘त्वचा व गुप्तरोग विभाग’ अशी पाटी असते. नाकाच्या, कानाच्या, घशाच्या रोगाला कोणी गुप्त म्हणत नाही. या रोगांना मात्र आपण ते विशेषण चिकटवले आणि मग रोग गुप्त ठेवणे हे रोग्याचे कर्तव्यच होऊन बसले. शरीरसंबंधातून एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाणारे जंतुसंसर्ग, एवढाच खरे तर या रोगांचा अर्थ. त्यांतले बरेचसे साध्या औषधांनी पूर्ण बरे होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात जगात अशा चार बऱ्या होऊ शकणाऱ्या संसर्गांची ३७ कोटी ४० लाख नवी प्रकरणे घडली. एवढ्या प्रचंड संख्येने होणारी गोष्ट गुप्त कशी म्हणायची?

गावाकडे या रोगांना जुनी नावे आहेत. सिफिलिसला गरमी आणि गोनोऱ्हियाला परमा. ही नावेही घोटाळा करतात. गरमी म्हणजे अंगातली उष्णता, असा सरळ अर्थ घेतला जातो. लघवीला जळजळ झाली की ‘उन्हाळी लागली’ म्हणायचे आणि धण्या-जिऱ्याचे पाणी प्यायचे, सब्जा भिजत घालायचा. उन्हाळी लागते, हे खोटे नाही. पाणी कमी प्यायले, उन्हात राबले की लघवी जळजळते आणि पाणी वाढवले की थांबते. पण जळजळीबरोबर पू येत असेल, तर ती उन्हाळी नव्हे. गंमत अशी, की परम्याची जळजळसुद्धा काही आठवड्यांनी पुष्कळदा आपोआप कमी होते. पेशंट म्हणतो, ‘सब्जानं गुण आला.’ गुण आलेला नसतो. जंतू फक्त दारातून आत सरकलेले असतात.

आपोआप बरे होण्याचा धोका

या रोगांचे सगळे कपट या एका गोष्टीत आहे. मोडलेले हाड ओरडून सांगते, दुखरा दात झोपू देत नाही. हे रोग मात्र थोडा वेळ दिसतात आणि लपतात.

सिफिलिसचेच पाहा. संसर्ग झाल्यावर साधारण तीन आठवड्यांनी जननेंद्रियावर एक व्रण उठतो. तो दुखत नाही. स्त्रीच्या बाबतीत तो आत असला तर तिला कळतही नाही. औषध न घेता तीन ते सहा आठवड्यांत तो भरून येतो. काही आठवड्यांनी अंगावर पुरळ येते, तळहात आणि तळपायांवरही येते, बारीक ताप येतो, केस गळतात. तेही जाते. त्यानंतर सुरू होतो तो शांततेचा काळ. तो दहा, वीस, कधी तीस वर्षेही चालतो. माणूस संसार करतो, मुलांची लग्ने करतो. जंतू मात्र शरीरात असतोच. काही जणांच्या बाबतीत तो पुढे हृदयातून निघणारी महारोहिणी पोखरतो, काहींच्या मज्जारज्जूत शिरतो, काहींच्या मेंदूत. एकेकाळी युरोपातली वेड्यांची इस्पितळे ज्या रोग्यांनी भरलेली असत, त्यांतल्या अनेकांचे वेड हे तरुणपणी झालेल्या सिफिलिसचे शेवटचे टोक होते. १९१३ साली नोगुची या जपानी शास्त्रज्ञाने अशा रोग्यांच्या मेंदूत सिफिलिसचे जंतू दाखवून दिले, तेव्हा कुठे या वेडाचे मूळ पक्के कळले.

उपचार न केलेल्या सिफिलिसचे पुढे काय होते, हे वैद्यकाला ठाऊक आहे त्यामागे दोन गोष्टी आहेत. पहिली नॉर्वेतली. ऑस्लोमधले प्राध्यापक बोएक यांचा त्या काळच्या पाऱ्याच्या औषधांवर विश्वास नव्हता. म्हणून १८९१ ते १९१० या काळात त्यांनी जवळजवळ दोन हजार रोग्यांना पारा दिलाच नाही. पुढे या रोग्यांचा माग काढण्यात आला आणि १९५५ साली गेस्टलँड यांनी त्याचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. चौघांमागे साधारण एकाला, किंबहुना थोडे अधिकच, रोगाची शेवटची अवस्था गाठावी लागली होती. सुमारे दहा टक्क्यांच्या हृदयाला आणि महारोहिणीला इजा झाली होती.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली आणि लाजिरवाणी. अलाबामा राज्यातल्या टस्कीगी येथे १९३२ साली सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस असलेले ३९९ गरीब कृष्णवर्णीय पुरुष निवडले आणि रोग कसा वाढतो हे पाहण्यासाठी त्यांना उपचाराविना ठेवले. ‘तुमचे रक्त खराब आहे’, एवढेच त्यांना सांगण्यात आले. १९४३ साली पेनिसिलिन सिफिलिसवर चालते हे सिद्ध झाले, काही वर्षांत ते सर्वत्र मिळू लागले. या माणसांना ते दिले गेले नाही. वर्तमानपत्राने १९७२ साली बोभाटा केला तेव्हा हा प्रयोग थांबला, आणि १९९७ साली अध्यक्ष क्लिंटन यांनी देशाच्या वतीने माफी मागितली. तिथे सरकारने जे फसवून केले, ते आपल्याकडे लाजेपायी माणसे स्वतःच स्वतःच्या बाबतीत करत असतात. ‘रक्त खराब झालंय, निघून जाईल,’ हे वाक्य मी माझ्या दवाखान्यात कितीदा ऐकले आहे!

फिरंग्यांचा रोग

हा रोग परक्यांचा, असे म्हणण्याची सगळ्यांनाच हौस. १४९५ च्या सुमारास इटलीत नेपल्सच्या मोहिमेनंतर सिफिलिसची मोठी साथ पसरली. इटालियन त्याला फ्रेंचांचा रोग म्हणू लागले आणि फ्रेंच नेपल्सचा. पाठोपाठ पोर्तुगीज आपल्या किनाऱ्याला लागले. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या ग्रंथात भावमिश्रांनी या रोगाला नावच दिले ‘फिरंग रोग’. फिरंग्यांच्या संगाने होतो म्हणून फिरंग. त्यावर त्यांनी चोपचिनी आणि रसकापूर सांगितला आहे. रसकापूर म्हणजे पाऱ्याचेच औषध. युरोपातही पुढची कित्येक शतके पाराच वापरला जात होता. त्याने रोगापेक्षा रोगीच अधिक झिजे.

इंग्रज आले, तेव्हा त्यांना काळजी होती आपल्या गोऱ्या पलटणींची. १८६८ साली त्यांनी हिंदुस्थानासाठी सांसर्गिक रोगांचा कायदा केला. त्याखाली वेश्यांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी होई, रोगी ठरलेल्या बाईला ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये ठेवले जाई. गोऱ्या शिपायाकडून रोग घेणाऱ्या बाईला कोंडायचे आणि शिपायाला मात्र मोकळे सोडायचे, असा तो न्याय होता. टीका होऊन १८८८ साली तो कायदा रद्द झाला. पण रोग म्हणजे बाईचा दोष, ही समजूत काही रद्द झाली नाही. ती आजही माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत येऊन बसते.

नळ्यांची गोष्ट

एका तरुण मुलीचे उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून गावाचा उल्लेख करत नाही. लग्नाला पाच वर्षे झालेली, मूल नाही. बरोबर सासू. खुर्चीत बसायच्या आधीच सासूबाई म्हणाल्या, ‘डॉक्टरबाई, हिच्यात काय दोष हाय त्येवढं सांगा, म्हंजी आमी पुढचं बघाया मोकळं.’ पुढचे म्हणजे मुलाचे दुसरे लग्न. मुलगी खाली मान घालून पदराचे टोक पिळत होती.

सासूबाईंना बाहेर बसवून मी मुलीला विचारले. लग्नानंतर दोन-तीन महिन्यांत तिच्या ओटीपोटात दुखू लागले होते, ताप आला होता, अंगावरून पिवळट जात होते. तिने आईला सांगितले. आई म्हणाली, ‘नव्या नवरीला होतं तसं.’ औषधाच्या दुकानातून दोन दिवसांच्या गोळ्या आणल्या, दुखणे थांबले. पुढे वर्षभरात तसेच पुन्हा झाले. नवरा मालट्रकवर होता, महिन्यातले वीस दिवस बाहेर. नंतर नळ्यांची तपासणी केली. दोन्ही नळ्या बंद होत्या.

इथे काय घडते ते समजून घेतले पाहिजे. गोनोऱ्हिया आणि क्लॅमिडिया हे दोन जंतू आधी गर्भाशयाच्या मुखाशी वस्ती करतात. क्लॅमिडियाने बाधित झालेल्या बहुसंख्य स्त्रियांना काहीच त्रास होत नाही. पुरुषांतही सुमारे निम्म्यांना तो जाणवत नाही. उपचार झाले नाहीत तर काही स्त्रियांमध्ये जंतू वर चढतात, गर्भाशयातून बीजवाहक नळ्यांत जातात. ही नळी बाहेरून पाहिली तर पेन्सिलीपेक्षा बारीक, आणि आतली वाट तर त्याहूनही किती तरी अरुंद. आतल्या अस्तरावर सूक्ष्म केस असतात, ते स्त्रीबीज हळूहळू पुढे ढकलतात. सूज आली की हे केस झडतात. सूज ओसरली तरी जखमेचे वण राहतात, नळीच्या भिंती एकमेकींना चिकटतात. वाट पूर्ण बंद झाली, तर गर्भ राहत नाही. अर्धवट बंद झाली, तर त्याहून वाईट घडू शकते. गर्भ नळीतच अडकतो, तिथेच वाढतो आणि नळी फुटते. पोटात रक्तस्राव होऊन बाई तासाभरात दगावू शकते. अशा बाया रात्री-बेरात्री जीपमध्ये घालून आणलेल्या मी पाहिल्या आहेत. चेहरा पांढराफटक, नाडी लागत नाही. बरोबरचे नातेवाईक सांगत असतात, ‘काही नाही, पोटात वायगोळा आलाय.’

उशीर किती महाग पडतो, याचा हिशेब स्वीडनमधल्या लुंड गावी डॉ. वेस्ट्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. ओटीपोटाची सूज दुर्बिणीने खात्रीने निदान झालेल्या १,८४४ स्त्रियांचा त्यांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला. १९९२ साली निष्कर्ष आले. एकदाच सूज येऊन गेलेल्या स्त्रियांत नळ्यांमुळे वंध्यत्व आले सुमारे ८ टक्क्यांना. दोनदा येऊन गेली, तर जवळजवळ २० टक्क्यांना. तीन किंवा अधिक वेळा, तर ४० टक्क्यांना. दर खेपेला धोका दुप्पट. म्हणजे पहिल्या दुखण्याच्या वेळी पूर्ण औषध घेतले आणि नवऱ्यालाही दिले, तर दुसरे दुखणे टळते, आणि दुसरे टळले की पुष्कळ काही टळते.

माझ्या त्या मुलीच्या नळ्या याच संसर्गाने बंद झाल्या, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. आपल्या देशात जननेंद्रियांच्या क्षयानेही नळ्या बंद होतात, त्यासाठी वेगळ्या तपासण्या कराव्या लागतात. त्या केल्या; क्षय निघाला नाही. मग मी नवऱ्याला बोलावणे धाडले. तो तिसऱ्या निरोपाला आला. ‘तुम्हाला लग्नाच्या सुमारास लघवीचा काही त्रास झाला होता का?’ असे विचारल्यावर बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘झाला होता. एका लॉजवरच्या वैदूनं पुड्या दिल्या, बरा झालो.’

तो बरा झाला होता. त्याच्यापुरती गोष्ट संपली होती. पुरुषांनाही हे रोग सोडत नाहीत, हे खरे. अंडाशी सूज येते, मूत्रमार्ग वणाने आवळला जातो. पेनिसिलिन येण्याआधीच्या काळात असे मूत्रमार्ग धातूच्या सळया घालून पुन्हा पुन्हा रुंद करावे लागत, आणि म्हातारपणापर्यंत ते भोग सुटत नसत. पण पुरुषाचे दुखणे बाहेर असते, दिसते. बाईचे आत असते. पुरुषाकडून बाईकडे हे संसर्ग जितके सहज जातात, तितके बाईकडून पुरुषाकडे जात नाहीत. निसर्गाने आधीच पक्षपात केला आहे, त्यात आपण समाजाचा घातला.

दोन खेडी, ६५० बाया

हे सारे एखाद-दुसऱ्या घराचे दुर्दैव आहे, असे कुणाला वाटेल. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन खेड्यांत केलेला अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दवाखान्यात येणाऱ्या बायांची मोजदाद करण्याऐवजी त्यांनी गावातल्या सर्वसाधारण बायांना तपासले. एकूण ६५० जणी. त्यांतल्या ९२ टक्के बायांना एक किंवा अधिक स्त्रीरोग किंवा लैंगिक रोग निघाले. सरासरी काढली तर प्रत्येकीला साडेतीनहून अधिक रोग. आणि यापूर्वी कधी तरी अशी तपासणी झालेल्या बाया होत्या फक्त ८ टक्के. यांतले सगळेच रोग शरीरसंबंधातून आलेले नव्हते. पण तोवर आपल्या देशात बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच हिशेब होता. त्यापलीकडे बाईला शरीर असते, ते दुखते आणि त्याबद्दल ती कुणालाच सांगत नाही, हे या अभ्यासाने जगापुढे मांडले.

सांगत नाही, कारण सांगितले की प्रश्न येतो: ‘आणलंस कुठून?’ म्हणून येथे एक गोष्ट ठासून सांगते. अंगावरून पांढरे जाणे म्हणजे लैंगिक रोगच, असे मुळीच नाही. थोडा पांढरा स्राव प्रत्येक स्त्रीला नैसर्गिकच असतो. बुरशीने खाज सुटते, जंतूंचा समतोल ढळला की वास येतो; हे दोन्ही बाहेरून ‘आणावे’ लागत नाहीत. आणि लैंगिक संसर्ग निघाला, तरी तो कधीचा आहे हे बहुधा सांगता येत नाही. क्लॅमिडिया महिनोन् महिने गुपचूप राहतो, मानवी पॅपिलोमा विषाणू तर वर्षानुवर्षे. तपासणीचा कागद हा चारित्र्याचा दाखला नव्हे. तो कागद हातात धरून नवरा-बायकोंनी एकमेकांवर खटला चालवण्यापेक्षा दोघांनी औषध घेणे शहाणपणाचे.

पोटातल्या लेकराला

या दुखण्याची सर्वांत निरपराध बळी म्हणजे जन्माला यायचे लेकरू. गरोदर बाईला सिफिलिस असेल आणि उपचार झाले नाहीत, तर निम्म्याहून अधिक गरोदरपणांत काही ना काही विपरीत घडते. गर्भ पडतो, मूल मेलेले जन्मते, अपुऱ्या दिवसांचे जन्मते, किंवा रोग घेऊनच जन्मते. ‘हिचं पोट टिकत नाही’ म्हणून देवऋषी, गंडेदोरे, नवस सारे करून झालेले असते आणि कुणी रक्ताची साधी चाचणी केलेली नसते. एका बाईचे दोन पोटुशीपण असे वाया गेले होते. तिसऱ्या खेपेला तिची व्हीडीआरएल चाचणी दोषी आली, पुढच्या चाचणीने रोग पक्का झाला. पेनिसिलिनची लांब मुदतीची इंजेक्शने नवरा-बायको दोघांना दिली. नऊ महिने भरून मुलगा झाला. नवसाचा म्हणून त्याचे नाव देवाचे ठेवले. माझी तक्रार नाही. पण त्या इंजेक्शनांना खर्च किती आला होता? एका कोंबड्याच्या किमतीएवढासुद्धा नाही.

परम्याचे जंतू प्रसूतीच्या वाटेत बाळाच्या डोळ्यांत जातात. जर्मनीतल्या क्रेडे या डॉक्टरांनी १८८१ च्या सुमारास नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालायला सुरुवात केली. त्याआधी युरोपात अंध मुलांच्या शाळांतली कितीतरी मुले या एका कारणाने आंधळी झालेली असत.

आता गरोदरपणी एचआयव्ही आणि सिफिलिस या दोन्हींची तपासणी सरकारी केंद्रांत मोफत होते. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. तरी पहिले तीन-चार महिने ‘इतक्यात कशाला गावभर करायचं’ म्हणून नोंदच न करणारी घरे आहेत. तेच महिने मोलाचे असतात.

वीस वर्षांनी येणारा हिशेब

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग हा मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे होतो, हे जर्मनीतल्या हाराल्ड त्सुर हाउसेन यांनी दाखवले. त्यासाठी २००८ साली त्यांना नोबेल मिळाले. हा विषाणू शरीरसंबंधातूनच येतो, पण तो इतका सार्वत्रिक आहे की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याची बाधा होते आणि ती आपोआप जाते. थोड्या स्त्रियांत मात्र तो ठाण मांडतो. मग पंधरा-वीस वर्षांत पेशी बिघडत जातात आणि कर्करोग होतो. २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांना हा कर्करोग होतो आणि सुमारे ऐंशी हजार दगावतात.

हा हिशेब थांबवता येतो, याचा पुरावा आपल्याच मातीत आहे. त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी स्त्रियांचा अभ्यास झाला. आयुष्यात एकदाच या विषाणूची चाचणी केली आणि दोष आढळलेल्यांवर उपचार केले, तर मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटतात, असे २००९ साली दिसून आले. मुंबईत टाटा मेमोरिअलच्या डॉक्टरांनी झोपडपट्ट्यांतल्या दीड लाख स्त्रियांवर केलेल्या प्रयोगात तर साधे व्हिनेगर लावून डोळ्यांनी तपासणी केली होती. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केलेल्या या तपासणीनेही मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. व्हिनेगर म्हणजे आपल्या लोणच्यात घालतात ते! याच विषाणूवरची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२२ साली देशात तयार केली. मुलींना ती वयात येण्याच्या सुमारास द्यावी. ‘लस दिली तर पोरी बिघडतील’ असे म्हणणारे पालक मला भेटतात. धनुर्वाताची लस दिली म्हणून कुणी मुद्दाम खिळ्यावर पाय देत नाही, एवढेच मी त्यांना सांगते.

एचआयव्हीचा धागाही इथेच जोडलेला आहे. जननेंद्रियावर व्रण किंवा सूज असेल, तर त्या वाटेने एचआयव्हीचा शिरकाव सोपा होतो. टांझानियातल्या म्वांझा भागात खेड्यांतल्या दवाखान्यांमधून लैंगिक रोगांवर नीट उपचार सुरू केले, तेव्हा एचआयव्हीच्या नव्या लागणी सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९५ साली प्रसिद्ध झाले. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत इतके यश आले नाही; पण व्रण उघडा ठेवणे धोक्याचे, हे तेव्हापासून कुणी नाकारलेले नाही.

भिंतीवरचे डॉक्टर

मग माणसे जातात कुठे? रेल्वे रुळांच्या कडेच्या भिंती वाचा. ‘गुप्तरोगांवर हमखास इलाज’, ‘एकदा अवश्य भेटा’. दर अमुक वारी अमुक लॉजवर भेटणारे, पदवीचा पत्ता नसलेले लोक. बसस्थानकाबाहेर तंबू ठोकून मुळ्या-पाळांच्या बरण्या मांडून बसलेले. ते काय विकतात? औषध नव्हे, ते गुप्तता विकतात. तिथे नाव विचारत नाहीत, ओळखीचे कुणी भेटत नाही. आम्ही डॉक्टर मंडळींनीही याचा विचार करायला हवा. सरकारी दवाखान्यात शंभर माणसांसमोर ‘काय त्रास आहे?’ असे मोठ्याने विचारले, तर तरुण पोरगा काय सांगणार? तो ‘डोकं दुखतं’ म्हणतो, गोळी घेतो आणि थेट लॉज गाठतो.

औषधाच्या दुकानातून घेतलेल्या अर्ध्या मात्रेचाही असाच घोटाळा. परम्याचा जंतू फार हुशार. सल्फा औषधे आली, काही वर्षांत त्याने ती पचवली. मग पेनिसिलिन, मग टेट्रासायक्लिन, मग सिप्रोफ्लॉक्सासिन. २००९ साली जपानमध्ये सेफ्ट्रिअॅक्सोन या शेवटच्या भरवशाच्या इंजेक्शनालाही न जुमानणारा जंतू सापडला. चुकीचे औषध आणि अपुरी मात्रा ही या जंतूची तालीमच असते. त्यामानाने सिफिलिसचा जंतू गरीब. पेनिसिलिनला तो अजून दबूनच आहे.

आता सरळ सांगायचे ते सांगते. जिल्हा रुग्णालयांत आणि बऱ्याच उपजिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यक्रमातली ‘सुरक्षा क्लिनिक’ आहेत. तिथे तपासणी मोफत, औषधे मोफत आणि नाव गुप्त राखणे बंधनकारक. लक्षणांप्रमाणे वेगवेगळ्या रंगांच्या औषधांच्या पेट्या ठरलेल्या असतात. लघवीच्या जागेतून पू जाण्यावरची राखाडी पेटी म्हणजे एका वेळी घ्यायची औषधे, इतके ते सोपे आहे. औषध जोडीदारालाही घ्यावे लागते. एकाने घेतले आणि दुसऱ्याने नाही, तर रोग चेंडूसारखा इकडून तिकडे जात राहतो. दोघेही बरे होईपर्यंत संबंध टाळावा, नंतरही शंका असेल तिथे निरोध वापरावा. लक्षणे नसली पण धोका घडला असेल, तरी रक्ताची आणि लघवीची तपासणी करून घ्यावी. आणि तिशी उलटलेल्या प्रत्येक बाईने गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून घ्यावी, तिला काही त्रास असो वा नसो.

त्या मुलीचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. तिच्या नवऱ्याने सासूसमोर काय सांगितले, किती सांगितले, मला ठाऊक नाही. दुसरे लग्न मात्र झाले नाही. मोठ्या शहरात जाऊन टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार करावा, तर शेत विकावे लागले असते, आणि शेत दीड एकर. गेल्या वर्षी त्यांनी दूरच्या नात्यातली एक पोरकी मुलगी रीतसर दत्तक घेतली. तिला ताप आला म्हणून परवा घेऊन आले होते. ताप साधाच होता. पण आई म्हणाली, ‘बाई, पयल्याच दिवशी आणली बघा. थांबले न्हाई.’